मधली वर्षं

अंबडच्या त्या ऑफिसात एसी एवढा
की माझ्याआधी माझे गुडघेच बोलले.
समोरचा पोरगा कागदावर बोट ठेवून म्हणाला,
मॅडम, ब्याण्णव ते पंच्याण्णव. ही गॅप कसली?

गॅप.
मी पाण्याचा घोट घेतला.

सातपूरला वाइंडिंगला होते मी.
मोटरच्या पोटात तांब्याची तार, केसाएवढी.
एक वेढा चुकला की सगळं उकलायचं
आणि पुन्हा पहिल्यापासून.
गांगुर्डे सुपरवायझर ओरडायचे,
शालन, वेढे मोज, खिडकीतली पाखरं नको.
कॅन्टीनमागे एक पिल्लू सापडलं,
तारेच्या रिकाम्या रिळात अंग मुडपून झोपलेलं.
नाव शोधावं लागलं नाही. बॉबिन.

टाळं लागलं तेव्हा गेटवर आम्ही एकशे चाळीस,
तो एकशे एक्केचाळिसावा.
मंडपात पंधरा दिवस घोषणा,
मग पत्ते,
मग नुसताच मंडप.
तो मात्र रोज साडेसातला जायचा, पहिल्या पाळीला,
आणि एका सकाळी त्र्यंबक रोडवर ट्रकनं त्याची कंबर नेली.

पुढची तीन वर्षं, साहेब,
मी एक टॉवेल धरला होता.
टॉवेलची झोळी त्याच्या पोटाखाली,
मागचे पाय मी, पुढचे त्याचे,
असे आम्ही दोघं मिळून एक कुत्रा चालायचो.
लतीफभाईची रिक्षा, अशोकस्तंभाजवळचा जनावरांचा दवाखाना,
पैसे नंतर दे म्हणायचा, नंतर कधी विचारलंच नाही.
एक स्थळ आलं होतं त्याच सुमारास, सिन्नरचं.
त्यांनी टॉवेल पाहिला, चहा अर्धा ठेवला.

हे कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग नाशिकरोडला एसटीडी बूथ.
रात्री दर उतरला की प्रेसच्या शिफ्टवाल्यांची रांग.
मशीन गरम, म्हणून त्यावर एक मांजर मुक्कामाला आली.
कागद सरसरत बाहेर आला की पंजा मारायची.
गिऱ्हाईक म्हणायचं, ताई, पावती,
आणि ती मान वर करून बघायची.
शेवटच्या महिन्यात अकरा कॉल. चार राँग नंबर.
काचेचं खोकं भंगारात दिलं,
तिला आतून बाहेर काढायला अर्धा तास लागला.
नासर्डीच्या काठी पुरली पुढे तिला.
आता तिथे जॉगिंग ट्रॅक आहे;
लोक वजन उतरवायला तिच्यावरून चालतात.

मोहाडीच्या पॅकहाउसात सहा हंगाम.
डोक्याला जाळी, हातात कात्री,
अठरा मिलिमीटरच्या खालचा मणी लोकल मार्केटला.
मीही तशी लोकलचीच.
तिथल्या कुत्रीला सगळे ब्रिक्स म्हणायचे,
साखर मोजायच्या आकड्यावरून,
कारण ती चावायची फक्त
बेरकी माणसांना.
एका मार्चात वीस मिनिटं गारा पडल्या.
वीस मिनिटांनी आम्हा बायकांना सांगितलं, उद्यापासून नको.
ब्रिक्स माझ्या मागोमाग फाट्यापर्यंत आली,
कंडक्टरनं बसमध्ये घेतली नाही,
म्हणून मीही चढले नाही.
एकवीस किलोमीटर.
मधे दोनदा बसलो. तिला पारले, मला पारले.

यातलं मी काहीच सांगितलं नाही.
म्हटलं, घरचं आजारपण.
कोणाचं? म्हणाला तो, सवयीनं, लिहिता लिहिता.

तेव्हा दिसलं,
त्याच्या काळ्या पँटीवर, गुडघ्याखाली,
पांढरे केस. बारीक. एका उंचीवर, गोल फिरून घासलेले.

नाव काय तिचं? मी विचारलं.

तो पेन धरून थांबला.
दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला.
चकली, म्हणाला.
किडनीचं आहे. रोज सलाइन लावतो घरी. झोपत नाही मी फारसा.

मानेची कातडी चिमटीत वर ओढायची, मी म्हटलं,
आणि बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची. गार पाण्याला ती घाबरते.

त्यानं ते लिहून घेतलं,
माझ्याच अर्जाच्या कोपऱ्यावर.
रिकाम्या रकान्यातही काहीतरी लिहिलं,
मला उलटं दिसत होतं, वाचता आलं नाही.

सोमवारी या, म्हणाला. पोरींना हातानं वाइंडिंग शिकवायचंय.
मशीन चुकलं की कोणाला उकलता येत नाही.